ट्यूबवरची जन्मतारीख

“माझीही चूक होत असेल डॉक्टर, पण या ट्यूबवर मला रक्त देता येणार नाही. माझ्यासाठी म्हणून पुन्हा एकदा सँपल घ्याल का?”

सुप्रभाबाईंनी हे वाक्य इंग्रजीत, नेहमीच्या मऊ आवाजात म्हटलं. पलीकडून उत्तर आलं ते मराठीत.

“काकू? अहो, मी ऋजुता बोलतेय.”

“हो का गं? फॉर्मवरची सही मला लागलीच नाही.”

“काकू, प्लीज. पेशंटचं हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ आहे. मला चारपर्यंत ब्लड हवंय. ट्यूबला काय झालंय?”

“नाव आयलीन हॉलंड. हॉस्पिटल नंबरही त्यांचाच. पण जन्मतारीख फॉर्मवर एक आहे आणि ट्यूबवर दुसरीच.”

“मग नुसती तारीखच चुकली ना! शेजारच्या बेडवर आयरीन हॉलंड आहेत, त्यांची फाइल उघडी होती, तिथली उतरली गेली. ब्लड आयलीनचंच आहे, मी स्वतः काढलंय. थांबा, मी खालीच येते.”

फोन आपटल्यासारखा बंद झाला. सुप्रभाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अडीच वाजले होते. त्या खोलीत वेळ कळायला घड्याळाशिवाय दुसरा मार्गच नव्हता. बर्मिंगहॅमच्या उत्तरेकडच्या त्या हॉस्पिटलची रक्तपेढी तळघरात होती; खिडकी एकही नाही, दिवसभर फ्रीजची घरघर आणि वर ट्यूबलाइट. गेली सत्तावीस वर्षं सुप्रभाबाई तिथेच होत्या. यवतमाळहून लग्न होऊन आलेली बी.एस्सी. झालेली मुलगी आधी काचेची भांडी धुवायला लागली आणि रात्रीच्या कॉलेजात शिकत शिकत तपासणीच्या टेबलापर्यंत पोचली. पिंपळखुटे हे आडनाव तिथल्या जिभांना झेपेना, म्हणून लॅबमध्ये त्या नुसत्या ‘सू’.

रक्तपेढीतल्या माणसाचं निम्मं काम ‘नाही’ म्हणण्याचं असतं. लेबल अपुरं आहे, नाही. सही नाही, नाही. वर वॉर्डात माणूस पांढराफटक पडलेला, डॉक्टर घायकुतीला आलेला, आणि खाली तळघरातली एक बाई स्पेलिंगवर अडून बसलेली. ओरडा व्हायचाच. पहिली काही वर्षं सुप्रभाबाई बाथरूममध्ये जाऊन रडायच्या. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ‘तुम्ही चुकलात’ म्हटलं की समोरचा हट्टाला पेटतो आणि ‘माझीही चूक होत असेल’ म्हटलं की कुरकुरत का होईना, पण दुसरी ट्यूब पाठवतो. त्यांनी तो आवाज कमावला. आता अवघड फोन आला की मोरीन, त्यांची मॅनेजर, रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, “सू, हा तुझा.” बढत्या दुसऱ्यांना मिळाल्या, कारण सूला टेबलावरून हलवलं तर फोन कोण घेणार? आणि घरी गेल्यावरही तो आवाज उतरत नसे. नवऱ्याने, मुरलीधररावांनी, कोबीत मीठ जास्त टाकलं तरी त्या म्हणायच्या, “माझ्याच जिभेला लागत असेल.”

दार ढकलून ऋजुता आत आली. गळ्यात स्टेथोस्कोप, केस सुटलेले, हातात पेन उघडं.

“द्या काकू, मी करेक्ट करते. इनिशिअल्स टाकते शेजारी.”

“असं करता येत नाही गं.”

“मी डॉक्टर आहे, मी रिस्पॉन्सिबिलिटी घेतेय ना?”

“तू खरंच सांगतेयस, मला पटतंय. पण हा नियम तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच आहे. दोन मिनिटांचं काम आहे. तोवर त्यांना जास्त वाटलं तर कोणालाही चालणारं ओ निगेटिव्ह तयार ठेवते, लगेच देते.”

“दोन मिनिटं? त्यांची व्हेन मिळायला मला वीस मिनिटं लागली होती! दोन वॉर्ड एकटी बघतेय मी. सकाळपासून एक बिस्किट खाल्लं नाहीये.” ऋजुताचा आवाज चढला. टेबलापलीकडचा मुलगा मशीनमध्ये डोकं घालून ऐकत नसल्याचं दाखवू लागला. “घरी एवढं ‘ऋजुता, जेवलीस का, ऋजुता, स्वेटर घाल’, आणि इथे एका तारखेसाठी…”

“मला ओरड हवी तर,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “पण सँपल पुन्हा घे.”

ऋजुताने पेनाचं टोपण लावलं आणि ती निघून गेली. चाळीस मिनिटांनी दुसरी ट्यूब आली. लेबलावरचं प्रत्येक अक्षर असं कोरून लिहिलेलं, की त्या अक्षरांतूनही राग दिसावा. रक्त ओ पॉझिटिव्ह निघालं. सुप्रभाबाईंनी जुळवून दोन पिशव्या वर पाठवल्या. रोजच्या वहीत एक ओळ लिहिली: लेबल चुकीचं, सँपल नाकारलं, पुन्हा मागवलं. अशा ओळी दिवसाला चार-पाच असत. त्या कोणी वाचत नसे.

पहिली ट्यूब स्टँडमध्ये तशीच उभी होती. ती फेकायची, एवढंच काम उरलं होतं. पण ऋजुताचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पोरगी एवढं ठामपणे सांगत होती, ती बरोबरच असणार. आपण एकदा बघितलं, तर संध्याकाळी तिला सांगता येईल, ‘तुझंच खरं होतं बाई, पण नियम पडला.’ तेवढंच तिला बरं वाटेल. त्यांनी ट्यूब मशीनला लावली.

ए पॉझिटिव्ह.

त्यांनी ती पुन्हा लावली. मग हाताने, काचपट्टीवर थेंब टाकून पाहिलं. ए. आयलीन हॉलंडचं रक्त ओ आणि या ट्यूबमधलं ए. म्हणजे नुसती तारीखच शेजारणीची नव्हती, रक्तही शेजारणीचंच होतं. ट्यूबवर पेन फिरवू दिलं असतं, तर चार वाजता ओ गटाच्या बाईला ए गटाचं रक्त चढलं असतं, आणि पहिली पिशवी संपायच्या आत ती दगावलीही असती.

सुप्रभाबाई स्टुलावर बसल्या. हे आता त्यांना एकटीला माहीत होतं. त्यांना हे तपासायला कोणीही सांगितलं नव्हतं.

*

ऋजुता वानखडे आदल्या ऑगस्टपासून त्यांच्या वरच्या खोलीत राहत होती. अकोल्याची. इथली डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन चौदा महिने घरी बसून काढले, तेव्हा कुठे ही सहा-सहा महिन्यांची नोकरी लागली. नवरा स्वानंद अकोल्यातच, आणि तीन वर्षांची वरदा आजी-आजोबांकडे. दर रविवारी ऋजुता कॉम्प्युटरसमोर बसून तिला गोष्ट सांगायची, आणि तिकडे वरदा स्क्रीनच्या मागे जाऊन आई कुठे लपलीय ते बघायची. पिंपळखुटे दांपत्याचा मुलगा ब्रिस्टलला, त्यालाही आता घरच्यापेक्षा सासरचं जवळचं. त्यामुळे ही पोरगी त्यांच्या घरात अगदी मुरून गेली होती. मुरलीधरराव तिच्यासाठी लायब्ररीतून मराठी पुस्तकं आणत आणि ती न वाचताच ‘छान होतं’ म्हणून परत करी.

आणि मार्चमध्ये सरकारने नियम बदलला होता. परदेशी डॉक्टरला आता वर्क परमिट लागणार, आणि ते मिळणार इथला किंवा युरोपातला उमेदवार नसेल तरच. ऑगस्टमध्ये तिची मुदत संपत होती. सगळं आता कन्सल्टंटच्या, डॉ. वॉटकिन्सच्या शब्दावर आहे, असं ती रोज म्हणायची. जेवता जेवता म्हणायची, जिना चढता चढता म्हणायची.

त्या संध्याकाळी सुप्रभाबाई घरी पोचल्या, तेव्हा ऋजुता स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. ओट्यावर सुपरमार्केटातली पिवळी फुलं पाण्यात ठेवलेली.

“काकू, दुपारी मी फार बोलले. सॉरी. तुमचंच बरोबर होतं, रूल म्हणजे रूल.” ती डोळे पुसत हसली. “रडत नाहीये हं, कांदा आहे. बसा, आज पोहे मी करतेय.”

मुरलीधरराव टेबलाशी पेपर वाचत होते. ते म्हणाले, “बघ, किती गुणाची पोरगी आहे.”

सुप्रभाबाईंनी कोट काढलाच नाही. चूक वर कळवायचा फॉर्म भरायच्या आधी तिला सांगायचं, हे त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. तिसऱ्या माणसाकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळू दे.

“ऋजुता, गॅस बंद कर जरा. पहिली ट्यूब मी तपासली.”

“कुठली? ती रिजेक्ट केलेली?”

“त्यात ए निघालं गं.”

ऋजुताने गॅस बंद केला. डॉक्टर होती, समजावून सांगायची गरज नव्हती.

“मी आयरीनकडून काढलं,” ती पुटपुटली. “आधी आयरीनकडे गेले होते, तिचे रूटीनचे ब्लड्स होते… मग बीपर वाजला… ओ माय गॉड.”

“पाणी घे.”

“पण काही झालं नाही ना? काकू, त्यांना बरोबर ब्लड मिळालं. त्या आत्ता वॉर्डात चहा पितायत. म्हणजे, नथिंग हॅपन्ड.”

“हो. देवाची कृपा.”

“मग वहीत काय लिहिलंय तुम्ही?”

“आत्तापर्यंत लेबल चुकीचं, एवढंच.”

“मग तेवढंच राहू दे ना!” तिने ओल्या हातांनी सुप्रभाबाईंचे दोन्ही हात धरले. “मी पुन्हा कधी असं करणार नाही, वरदाची शपथ. पण हा फॉर्म गेला तर वॉटकिन्सकडे जाणार. ते रेफरन्स काय लिहिणार मग? एकशे ऐंशी लोक अप्लाय करतायत एका पोस्टला, काकू. त्यांना मला नाकारायला कारण हवंच आहे.”

सुप्रभाबाईंना सगळं पटत होतं. तिचं प्रत्येक वाक्य खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

“मी तुझ्या जागी असते, तर मीही हेच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण त्या दोघी अजून शेजारी शेजारीच आहेत. उद्या तुझ्याऐवजी दुसरं कोणी असेल, तेही उपाशीच असेल. हे वर कळलं नाही तर त्या बेडवर काही बदलणार नाही.”

“सुप्रभा,” मुरलीधररावांनी पेपर बाजूला ठेवला. “तुला तपासायला सांगितलं होतं कुणी?”

“नाही.”

“मग कशाला गेलीस?”

“ती बरोबर आहे, एवढंच मला बघायचं होतं हो.”

मग सुप्रभाबाई ऋजुताकडे वळून म्हणाल्या, “असं कर. तूच लिही. डॉक्टरनं आपणहून कळवलेलं वेगळं असतं, वॉटकिन्सही ते मानतील. उद्या दहाला खाली ये, मी शेजारी बसते. आपण दोघी मिळून लिहू. तू एकटी दोन वॉर्ड बघत होतीस, तेही लिहू.”

ऋजुताने मान हलवली की नाही, ते नीट कळलं नाही. ती वर गेली. पोहे भिजवलेले तसेच राहिले आणि मुरलीधररावांनी ते नंतर एकट्यानेच फोडणीला टाकले.

सकाळी ती चहा न घेता गेली. सुप्रभाबाई दहा वाजता कोरा फॉर्म समोर ठेवून बसल्या. साडेदहा झाले. दार उघडलं की त्या मान वर करत. कधी पोर्टर, कधी ट्रॉली. अकरा वाजता त्यांनी वॉर्डला फोन केला, पण तो कोणी उचलला नाही. त्यांची गुरुवारची पाळी बाराला संपे आणि फॉर्म चोवीस तासांच्या आत जायला हवा होता. पण खरं कारण वेगळं होतं. आपण अशाच बसलो, तर आपला धीर सुटेल आणि ती वहीतली एक ओळ तशीच राहील, याची त्यांना भीती वाटू लागली होती. साडेअकराला त्यांनी फॉर्म भरला. घडलं ते लिहिलं. एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारी ठेवल्या होत्या, हे लिहिलं. डॉक्टर एकटी होती, जेवलेली नव्हती, हे लिहिलं. तिने पेन पुढे केलं होतं, ते लिहिलं नाही. फॉर्म मोरीनच्या हातात दिला. मोरीनने तो लगेच वर धाडला.

पावणेबाराला ऋजुता धावत आली. धाप लागली होती.

“राउंड लांबला काकू. एका पेशंटचं हार्टच बंद पडलं, अरेस्ट झाला. कुठे आहे फॉर्म?”

सुप्रभाबाई उठून उभ्या राहिल्या.

“गेला गं. आत्ताच गेला.”

“मी येणारच होते.”

“हो. माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं.”

“मी येणारच होते काकू,” ऋजुता पुन्हा म्हणाली. “तुम्ही पंधरा मिनिटं थांबला नाहीत.”

त्यांनी त्याच दिवशी मोरीनला विनवून पुरवणी जोडली: डॉक्टर स्वतः कळवायला आल्या होत्या, उशीर पेशंटमुळे झाला, आधी पाठवण्याची घाई माझी. मोरीन म्हणाली, “सू, असं कोणी लिहीत नाही.” सुप्रभाबाई म्हणाल्या, “लिहिलं तर चालेल ना?”

*

पुढचे चार महिने तिघं एकाच घरात राहिली. ऋजुताला दुसरीकडे जायला परवडणारं नव्हतं, आणि ‘जा’ म्हणायची कोणाची इच्छा नव्हती. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवणार काय? ती ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची, भांडी विसळून ठेवायची, जिन्यात समोरासमोर आल्या तर भिंतीला चिकटून वाट द्यायची. ‘काकू’ मात्र पुन्हा म्हणाली नाही. दुसरंही काही म्हणाली नाही. ‘मीठ द्याल का’, ‘फोन आहे’, ‘दूध संपलंय’, अशी बिननावाची वाक्यं ती हवेत सोडायची आणि त्यांतून सुप्रभाबाईंनी आपल्यासाठीची ओळखून घ्यायची. तळघरातून घरी यायचं आणि घरातून तळघरात जायचं. कधी कधी बस पेरी बारच्या चौकात थांबली, की त्यांना वाटे, उतरून नुसतं चालत सुटावं. त्या उतरत मात्र आपल्याच स्टॉपवर.

वॉर्डात बदल झाले. सारख्या आडनावाच्या पेशंटांच्या फायलींवर पिवळे स्टिकर लागले आणि दुपारी आणखी एक डॉक्टर मिळाला. ऋजुताला दोन दिवसांचं ट्रेनिंग करावं लागलं. जुलैमध्ये पोस्ट दुसऱ्याला गेली. आयर्लंडची मुलगी होती, असं कळलं.

त्याच आठवड्यात रक्तपेढीच्या मीटिंगनंतर डॉ. वॉटकिन्स सुप्रभाबाईंजवळ थांबले. म्हणाले, तुमच्या त्या डॉक्टरबद्दल वाईट वाटतं. मी उत्तम रेफरन्स लिहिला होता. ती स्वतः कळवायला आली होती, हेही लिहिलं होतं. पण आमचे ऑफिसवाले यंदा परमिटच्या फंदातच पडणार नाहीत, म्हणाले. तिचा अर्ज कोणी उघडलाही नाही.

घरी येऊन त्यांनी हे मुरलीधररावांना सांगितलं. ते ताडकन उभे राहिले. “मग सांग ना तिला! आत्ताच्या आत्ता वर जा. इतके महिने ती तुला गुन्हेगार समजतेय.”

सुप्रभाबाई जिन्यापर्यंत गेल्या. वरून ऋजुताचा आवाज येत होता. ती फोनवर स्वानंदला तिकिटाची तारीख सांगत होती. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या.

“काय झालं?”

“तिला वाटेल, काकू स्वतःची बाजू मांडतायत.”

“वाटू दे की! खरं आहे ते.”

“आणि मग ती रागावणार कुणावर?” त्या हळूच म्हणाल्या. “सरकारवर किती दिवस रागावता येतं हो माणसाला? मी निदान समोर तरी आहे. आणि पंधरा मिनिटं मी थांबले नाही, ते तर खरंच आहे.”

मुरलीधरराव पुन्हा खाली बसले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. हा मऊ आवाज त्यांनी रोज ऐकला होता, पण त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं त्यांना आठवेना.

निघायच्या दिवशी दुपारी मुरलीधररावांनी गाडी दाराशी आणली. डिगबेथच्या बसस्थानकावरून तिची विमानतळाची कोच होती. वर गेले, तर ऋजुता जमिनीवर बसलेली आणि समोर फुगलेली बॅग. वरदासाठीचे कपडे, एक बाहुलीचं घर, जाड जाड मेडिकलची पुस्तकं. चेन अर्ध्यावर अडकली होती. ती एकदा बॅगेवर गुडघा टेकवून ओढत होती, एकदा उठून लाथ मारत होती.

“मी ओढतो, तू वर बस,” मुरलीधरराव म्हणाले.

ती बसली. बॅग दबली, पण टोकाची वीतभर फट काही मिटेना. ऋजुताचं वजन ते केवढं! त्या चार महिन्यांत ते आणखी उतरलं होतं. मुरलीधररावांनी दाराकडे पाहिलं. सुप्रभाबाई तिथे उभ्या होत्या, हातात वाटेसाठीचा डबा.

“बसू का?” त्यांनी विचारलं.

ऋजुता थोडी सरकली.

सुप्रभाबाईंनी डबा खाली ठेवला आणि पदर सावरून त्या तिच्या पाठीला पाठ लावून बॅगेवर बसल्या. बॅग कुरकुरत खाली गेली. मुरलीधररावांनी गुडघे टेकले आणि दात आवळून चेन ओढली. ती एका कोपऱ्यावर अडली, मग वळली आणि सरकत सरकत पार टोकापर्यंत गेली.

“झालं,” ते म्हणाले आणि कपाळ पुसत उठले. खाली रस्त्यावर मागून आलेल्या गाडीने हॉर्न दिला. “चला, निघायला हवं.”

दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

“येतो मी गाडी बाजूला घेऊन,” मुरलीधरराव म्हणाले आणि आवाज न करता जिना उतरले.